दुःख तसें ठाणें

नागपूर शहराच्या पूर्वेस कळमना म्हणून एक गांव होतें. तें आतां शहरांत विरून गेलें आहे. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील त्याच्या नांवाचें स्टेशन आणि कृषि उत्पन्न बाजार समितीचें विस्तीर्ण आवार एवढ्यावरूनच परगांवच्या मनुष्यास तें ओळखूं येतें. संत्र्यांच्या हंगामांत येथें गाड्यांची रीघ लागते. माल उतरल्यापासून अडत्याची पट्टी हातीं पडेपर्यंत शेतकऱ्यास वेळ असतो, आणि त्या वेळांत जें बोलणें चालतें त्यांत बाजारभावाच्या खालोखाल एक विषय वारंवार निघतो. कोणाच्या घरीं काय दुखणें आहे, आणि त्यासाठीं कोठें जावें? एकानें कोराडी सांगावी, दुसऱ्यानें ताजबाग, तिसऱ्यानें आदाशाचा गणपति. सल्ला देणारा मोठा देवभोळा असतो असेंही नाहीं. एखाद्या चांगल्या वैद्याचें नांव सांगावें तितक्याच सहजपणें तो ठाण्याचें नांव सांगतो.

आमच्या इतिहाससंशोधकांनीं सनदा शोधल्या, बखरी छापल्या, पडक्या वाड्यांच्या चौकटी मोजल्या. त्यांचे उपकार कोण नाकारील? परंतु हा जो तोंडीं चालत आलेला नवसांचा नकाशा आहे, त्याकडे एकतर भाविक म्हणून पाहण्यांत आलें किंवा सुधारक म्हणून. इतिहासाचा कागद म्हणून तो फारसा कोणीं वाचला नाहीं. आम्हांस वाटतें कीं तो तसा वाचतां येतो. एखाद्या देवस्थानास लोक काय मागत आले याची यादी लागली, म्हणजे त्या त्या काळीं ते कशास भीत होते हें आपोआप कळतें.

सर्वांत जुनी भीति शिवेवर आहे. विदर्भांतील बहुतेक गांवांप्रमाणें या बाजूसही शेंदूर फांसलेले दगड मातामाय व मरीमाय या नांवांनीं पुजले जात. मातामायेकडे देवीचा रोग, मरीमायेकडे पटकी. अशी ही कामाची वांटणी. आपल्या भाषेनें तर रोगास आणि देवतेस एकच नांव दिलें आहे. मुलास ‘देवी आल्या’ म्हणजे घरीं पाहुणीच आली. तिचा मान राखावयाचा, औषध द्यावयाचें नाहीं, लिंबाचा पाला टांगावयाचा आणि ती संतोषानें परत जाईल याची वाट पाहावयाची. पुढें गोऱ्या सरकारची लस आली, तेव्हां तिलाही भाषेनें त्याच घरांत जागा दिली. टोंचण्यास आपण ‘देवी काढणें’ म्हणूं लागलों. मूळ इंग्रजी शब्दांत गाय आहे. आपल्या शब्दांत देवीच राहिली. हिंदुस्थानांतून हा रोग १९७५ सालीं गेला आणि १९८० सालीं साऱ्या जगांतून गेल्याचें जाहीर झालें. दगड मात्र कित्येक गांवीं आहेत व त्यांवर शेंदूरही आहे. ज्या कामासाठीं ते बसविले तें काम संपलें, तेव्हां लोकांनीं त्यांजकडे ताप, गोंवर, पाऊस अशीं इतर कामें सोंपविलीं.

शिवेबाहेर हा नकाशा विस्तारतो. कोराडीस, म्हणजे जुन्या जाखापुरास, जगदंबा सकाळीं बालिका, दुपारीं तरुणी व सायंकाळीं वृद्धा दिसते अशी श्रद्धा आहे. तेव्हां कोणत्याही वयाच्या बाईचें गाऱ्हाणें तेथें चालतें यांत नवल नाहीं. सावनेर तालुक्यांत आदाशाचा शमीविघ्नेश, कार्यारंभींच्या विघ्नांसाठीं. वर्धा जिल्ह्यांत गिरडच्या टेकडीवर शेख फरीदांचें स्थान आहे. तेथें जमिनींत सांपडणारे वाटोळे खडे हा थट्टा करणाऱ्या बंजारी व्यापाऱ्यांचा माल होय, साधूच्या शापानें त्याचे दगड झाले, असें सांगतात. भूगर्भवेत्ते त्यांस खनिजाचे गोळे म्हणतात. व्यापारी भाविकांस या कथेंतून जो धडा मिळावयाचा तो मिळतोच; बाजाराच्या आवारांत ही कथा सांगतांना कोणी हंसत नाहीं.

आंभोऱ्याची गोष्ट निराळी आहे. कुही तालुक्यांत वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा व कोलारी या पांच नद्या एकत्र येतात आणि त्या पाण्यांत पाय सोडून चैतन्येश्वराची टेकडी उभी आहे. गोसीखुर्द धरणाचें पाणी अडल्यापासून ती बेटासारखीच दिसूं लागली. शके १११० मध्यें ‘विवेकसिंधु’ रचणारे मुकुंदराज येथलेच, असें वैदर्भीय अभिमानानें सांगतात. मराठवाड्याचें आंबेजोगाई हा मान सोडण्यास तयार नाहीं. आम्ही त्या वादांत पडत नाहीं. येथें एवढेंच पाहावयाचें कीं, ज्या जागेचें नांव आत्मज्ञानाच्या ग्रंथाशीं जोडलें गेलें, तेथें सामान्य मनुष्य येतो तो बहुधा महाशिवरात्रीच्या यात्रेस किंवा आपल्या माणसाच्या अस्थि घेऊन. पंडितांचें प्रयोजन एक, गर्दीचें दुसरें. दोघांसही संगम पुरतो.

पाण्यानें वेढलेली जागा अशा कामास कां निवडली जाते? याचें एक उत्तर रोम शहरांत मिळतें. तेथील टायबर नदींत एक लहानसें बेट आहे. सांथीनें गांजलेल्या रोमन लोकांनीं ग्रीकांचा आरोग्यदेव एस्क्युलेपियस आणवून इ. स. पूर्व २९१ मध्यें त्या बेटावर त्याचें देऊळ बांधलें. रोग्यास वस्तीपासून दूर ठेवावें व देवासही त्याच्या जवळ ठेवावें, असा दुहेरी हिशेब त्यांत दिसतो. पुढें देव बदलला, देवळाच्या जागीं ख्रिस्ती मंदिर झालें. पण बेटाचें काम बदललें नाहीं. १५८५ सालीं तेथें इस्पितळ निघालें व तें आजही चालू आहे. त्या नदींतून भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान निघाले आहेत. ज्याचा जो अवयव दुखत असे त्यानें तो देवापुढें ठेवावा अशी ती रीत.

ही रीत पाहण्यास रोमला जावयास नको. मुंबईच्या साष्टी बेटावर, बांद्र्याच्या टेकडीवरील मोत माउलीच्या जत्रेंत मेणाचे हात, पाय, डोळे विकत मिळतात. मूल हवें त्यानें मेणाचें मूल घ्यावें, बिऱ्हाड हवें त्यानें मेणाचें घर. घेणाऱ्यांत ख्रिस्ती असतात तसेच हिंदूही असतात. मुंबईंत भाड्याच्या खोलीस माणसें किती आसुसलेलीं होतीं आणि आहेत, हें त्या मेणाच्या घरांइतकें स्पष्टपणें आणखी कोणता कागद सांगेल? वरळीच्या समुद्रांत हाजी अलीचा दर्गा आहे. भरतीच्या वेळीं त्याची वाट पाण्याखालीं जाते, आणि मनुष्यास आपल्या मागण्यासह थांबावें लागतें.

परंतु सारींच बेटें पाण्यांत नसतात. नागपुरांत एक बेट भर जमिनीवर होतें. भोसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर दहा-अकरा वर्षांनीं, १८६४ सालीं, इंग्रजांनीं येथें वेड्यांचें इस्पितळ उभारलें. लोक त्यास सरळ पागलखाना म्हणत. भिंतीच्या आंत गेलेला मनुष्य व्यवहारांतून उठला, असा समज होता व तो फारसा खोटा नव्हता. १८९२ सालीं या भिंतीच्या आंत ताजुद्दीन नांवाचा एकतीस वर्षांचा मनुष्य टाकण्यांत आला. कामठीस जन्मलेला, लहानपणींच पोरका झालेला, मद्रास पलटणींत शिपाईगिरी करून सागरला असतां एका अवलियाच्या कबरीपाशीं रात्री काढूं लागलेला आणि शेवटीं नोकरी सोडून कामठीस परतलेला. छावणीच्या अधिकाऱ्यांस तो वेडा वाटला. वस्तीस तसें वाटलें नाहीं. थोड्याच दिवसांत इस्पितळाच्या दाराशीं दर्शनासाठीं माणसें जमूं लागलीं! ज्या दारांतून माणसें नाइलाजानें आंत जात, त्याच दाराशीं आपली मागणी घेऊन दुसरीं माणसें तिष्ठत राहिलीं, असा प्रकार आमच्या वाचनांत दुसरीकडे आलेला नाहीं. सोळा वर्षांनीं, १९०८ मध्यें, राज्य गेलेल्या भोसले घराण्यांतील रघूजीराव यांनीं हमी लिहून देऊन बाबांस शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यांत आणलें. हिंदु राजवंशजाच्या घरीं मुसलमान अवलियाचा मुक्काम, ही गोष्ट त्या काळीं कोणास विपरीत वाटली नाहीं, हें येथें नमूद करून ठेवावेंसें वाटतें.

यापुढील भाग आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. बाबा कांहीं वर्षें कन्हानकाठीं वाकी या गांवीं काशीनाथ पाटलांकडे राहिले. त्या शिवारांत त्यांनीं निरनिराळ्या जागांस नांवें दिलीं, असें त्यांच्या भक्तपरंपरेंत सांगतात. एका झाडाखालीं शफाखाना, एके ठिकाणीं मदरसा, एके ठिकाणीं मशीद, एके ठिकाणीं परेडचें मैदान. तेथें इमारती नव्हत्या. झाडें व मोकळी जमीन होती. आजाऱ्यास शफाखान्यांत जाऊन पडण्यास सांगावें, विद्या मागणाऱ्यास मदरशांत बसण्यास, कोणास मशिदींत, कोणास परेडवर. ज्यानें पलटण पाहिली, सरकारी इस्पितळाचीं सोळा वर्षें पाहिलीं, त्यानें त्याच संस्थांचीं नांवें उघड्या रानास दिलीं. मातामायेच्या दगडास केवळ रोग ठाऊक होता. वाकीच्या झाडांस परीक्षाही ठाऊक झाली. शाळा, पलटण व दवाखाना यांवर माणसाचें नशीब टांगलें जाऊं लागलें होतें; तेथें दाद लागली नाहीं म्हणजे जावयाचें कोठें, या प्रश्नाचें वाकी हें उत्तर होतें. तेथें कोण आला म्हणून त्याची जात किंवा फी कोणी विचारीत नसे.

आतां एक आक्षेप आहे व तो टाळून चालणार नाहीं. ‘हें सारें गोड वाटतें, पण वेड्यास दर्ग्यावर नेल्यानें त्याचें काय होतें?’ असें कोणी विचारील, आणि त्यास तसें विचारण्याचा हक्क आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें, दर्ग्याच्या आश्रयानें वाढलेल्या एका निवासांत आग लागली, तेव्हां सांखळ्यांनीं जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांस तेथें पोंचविणारीं त्यांचींच माणसें होतीं आणि त्यांचा भाव बहुधा खराच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें रुग्णास सांखळी घालण्यास मनाई केली आहे. आम्ही नवसाचा कागद वाचावा म्हणतों, तो औषधाऐवजीं घ्यावा असें म्हणत नाहीं. मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. एरवाडीस माणसें गेलीं तीं आसपास परवडेल असा दुसरा दवाखाना नव्हता म्हणूनही गेलीं. आणि पागलखान्याच्या दाराशीं ज्यांनीं गर्दी केली त्यांनीं निदान भिंतीच्या आंतल्या एका मनुष्यास मनुष्य मानलें, जें भिंत बांधणाऱ्यांस जमलें नव्हतें.

ताजुद्दीनबाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजीं वारले. त्यांची कबर ताजबागेंत, उमरेड रस्त्याकडे आहे. तें जुनें इस्पितळ आतां प्रादेशिक मनोरुग्णालय या नांवानें मानकापुराकडे आहे. कळमन्याहून निघालें तर एक दक्षिणेस पडतें, दुसरें पश्चिमेस. बाजाराच्या आवारांत आम्हीं ऐकलेल्या बोलण्यांवरून दिसतें कीं कित्येक घरचीं माणसें दोन्हीकडे जातात, आणि त्यांत त्यांस कांहीं विसंगत वाटत नाहीं. रुग्णालयाच्या आवारांत बाबा राहत होते ती जागा भाविक दाखवितात. रुग्णाचे नातलग तेथें क्षणभर हात जोडतात, मग केसपेपर काढण्याच्या रांगेंत जाऊन उभे राहतात.