हिंदू विवाह : विधी आणि वैधता

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. शेजारच्या मुंबई राज्यात द्विभार्याबंदीचा कायदा १९४६ पासूनच होता. नरसू अप्पा माळी खटल्यात उच्च न्यायालयाने तो वैधही ठरवला होता. निजामाच्या मुलखातल्या परभणीला तो लागू नव्हता. इथल्या हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची बंदी घातली ती १९५५ च्या कायद्याने.

नावात ‘हिंदू’ असले तरी हा कायदा बौद्ध, जैन, शीख आणि लिंगायतांनाही लागू आहे. अनुसूचित जमाती मात्र केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय त्यात येत नाहीत. म्हणजे जिंतूरकडच्या आंध कुटुंबाचे लग्न जमातीच्या रूढीवर तोलले जाते.

लग्न लागले कधी? मांडवातल्या पाहुण्यांच्या लेखी अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की लागले. कलम ७ वधू किंवा वर, दोघांपैकी एकाच्या रूढीनुसार झालेले विधी मान्य करते. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो.

ही तरतूद निरुपद्रवी वाटते, पण भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तिचे टोक दिसले. पहिली पत्नी हयात असताना १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरे लग्न झाले. पहिलीने फिर्याद केली, शिक्षाही झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ती रद्द केली. होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नव्हता, आणि ते वगळण्याची रूढीही सिद्ध झाली नव्हती. दुसरे लग्नच कायद्याने लागले नाही, मग द्विविवाहाचा गुन्हा कुठला? विधी अर्धवट ठेवणाऱ्या नवऱ्याला याहून सोयीची पळवाट मिळणे अवघड होते. पुढे २००१ मध्ये, जिथे रूढीत सप्तपदीच नाही तिथे तिचा आग्रह धरता येत नाही, असे याच न्यायालयाने स्पष्ट केले.

उलट बाजूही महाराष्ट्रातलीच आहे. यमुनाबाई आढाव यांचे लग्न १९७४ मध्ये रीतसर विधींनी झाले, पण नवऱ्याची पहिली बायको हयात होती. कलम ११ नुसार असा विवाह मुळातच शून्य. त्यामुळे १९८८ मध्ये त्यांचा पोटगीचा दावा फेटाळला गेला. विधी नव्हते म्हणून तिथे पुरुष सुटला. इथे विधी पुरे होऊनही बाई पत्नी ठरली नाही. पहिले लग्न लपवून फसवलेल्या स्त्रीला पोटगीपुरते पत्नी मानावे, असा निकाल येण्यास २०१३ चे बादशाह विरुद्ध उर्मिला गोडसे प्रकरण उजाडावे लागले. मुलांना मात्र अशी वाट पाहावी लागली नाही: शून्य विवाहातली अपत्ये कलम १६ नुसार औरस असतात.

वयाचे गणित वेगळे. वधू १८, वर २१ ही अट मोडली तरी कलम ११ त्या विवाहाला शून्य ठरवत नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यानुसार बालपणी लग्न झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तो रद्द करून घेता येतो. बालविवाहांच्या प्रमाणात परभणी राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत असल्याने इथे हे कलम पुस्तकी नाही.

विवाह नोंदणीचा दाखला हा पुरावा असतो. आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात सांगितले.