मिरजेची सतार: सुरू कशी झाली आणि टिकली कशी, हे दोन वेगळे प्रश्न

मिरजेच्या तंतुवाद्यांवर काहीही वाचायला घ्या, सुरुवातीलाच एक गोष्ट भेटते. पेशवाई संपली, लढाया थांबल्या, तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम गेलं. मग १८५० च्या आसपास त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले, आणि मिरज सतारीचं गाव झालं. गोष्ट छान आहे. सिनॉप्सिसमध्ये दोन ओळींत बसते. म्हणूनच ती जरा तपासून बघू या.

पहिला प्रश्न असा: शिकलगार काय फक्त मिरजेत होते? लष्कर जिथं होतं तिथं हत्यारं दुरुस्त करणारे होतेच. काम सगळ्यांचंच घटलं. मग सतारी सगळीकडे का नाही झाल्या? म्हणजे हत्यारांचं काम का सुटलं, एवढंच हे कारण सांगतं. हातात सतारच का आली, ते सांगत नाही.

यावर उत्तर येतं की मिरजेला पटवर्धनांचा राजाश्रय होता. खरं आहे. पण पटवर्धन सांगलीला, कुरुंदवाडला, जमखंडीलाही होते. जे कारण चार ठिकाणी आहे आणि परिणाम एकाच ठिकाणी, ते कारण आवश्यक असेल, पण पुरेसं नाही. आपल्या विषयाला हा धडा पहिल्याच वर्षी लावून बघा. तुमचं कारण जिथं हजर आहे, पण परिणाम गैरहजर आहे, अशी एक तरी जागा शोधाच.

आता दुकानात चला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत छताला कडू भोपळे टांगलेले दिसतात. हे भोपळे इथले नाहीत. ते येतात पंढरपूरच्या बाजूने, भीमेच्या काठच्या शेतांतून. भोपळा भिजवायचा, आतला गर आणि बिया काढायच्या, काड्यांचा ताण देऊन तोंड गोल करायचं. त्यावर गळा, दांडी आणि तबली चढते. त्यासाठी तून या झाडाचं लाकूड लागतं, तेही बाहेरून येतं. मग कोरीवकाम, पॉलिश, खुंट्या, तारा. कारागीर जमिनीवर बसून काम करतो, आणि मापाचा बराचसा हिशेब कागदावर नसून हातात असतो.

भोपळा बाहेरचा, लाकूड बाहेरचं. मग मिरजेचं मिरजेत काय? याचं उत्तर ऐकायचं असेल तर जवारी काढणाऱ्या माणसाशेजारी बसा. तंबोऱ्याची घोडी वरून किंचित गोलसर असते. तार तिला टेकत, सुटत कंप पावते आणि तो गुंजणारा, भरलेला आवाज निघतो. कानस एखाद्या वेळी जास्त फिरली की आवाज बसतो. घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. या घोडीनं सी. व्ही. रामन यांनाही थांबवलं होतं. तार छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर सिद्धांताप्रमाणे गायब व्हायला हवेत, तेही इथं ऐकू येतात, हे त्यांनी १९२१ मध्ये मांडलं. कारागिराला ते कानानं ठाऊक होतं.

आता गंमत बघा. जवारी कायमची नसते. तार घोडीला खाते, चर पडतात, आवाज बिघडतो. म्हणजे वाद्य विकलं की व्यवहार संपत नाही. गवई परत येतोच. आणि दुरुस्तीला नुसत्या सतारी येत नाहीत. मोराच्या आकाराचा, गजानं वाजणारा ताऊस, त्याचा भाऊबंद दिलरुबा, दोन भोपळ्यांची रुद्रवीणा, भारदस्त सूरबहार. पुस्तकात ज्या वाद्याला आपण ‘दुर्मिळ’ म्हणून एका ओळीत निरोप देतो, ते इथं नव्या खुंट्या बसण्याची वाट बघत कोपऱ्यात उभं असतं.

धंदा टिकला तो या परत येणाऱ्या गवयांमुळे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे इथंच शिकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि मिरज जंक्शन झालं. पुढे अब्दुल करीम खाँ इथं स्थायिक झाले; १९३७ मध्ये ते गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं आणि उरुसात गाण्याची हजेरी चालू राहिली. पण तारखा बघा. हे सगळं १८५० नंतरचं आहे. त्यामुळे सुरुवातीचं कारण म्हणून यातलं काहीही देता येणार नाही. टिकण्याचं कारण म्हणून मात्र द्यावंच लागेल.

हा फरक नुसता परीक्षेपुरता नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन आलं की इतिहास सरकारी कागदावर चढतो, आणि पुढचे संशोधक तिथूनच उचलतात. तिथं फक्त ‘तलवारीकडून सतारीकडे’ एवढंच उरलं, तर भीमाकाठी भोपळा पिकवणारा शेतकरी त्यात नाही, आणि रोज घोडी घासणारा कारागीरही नाही. शिवाय जातीनं काम बदललं एवढंच म्हटलं, की पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं कौशल्य आपोआप आल्यासारखं वाटतं.

तेव्हा कुठल्याही कलेवर, धंद्यावर किंवा संस्थेवर काम करणार असाल, तर वहीत दोन रकाने आखा. एकात ‘सुरू का झालं’, दुसऱ्यात ‘टिकलं का’. प्रत्येक पुराव्यापुढे साल लिहा आणि मगच रकाना ठरवा. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर ग्रंथालयातून उठा आणि जिथं दुरुस्ती चालते तिथं जाऊन बसा.