जीवातखाना आणि झुरळांचा डबा

गेल्या पर्युषणात लेकीचा हैदराबादहून फोन आला. "मम्मी, आमच्या वरच्या फ्लॅटमधला मुलगा झुरळं पाळतो!" मला वाटलं, थट्टा करतेय. पण खरंच होतं. त्याच्याकडे मोठा मासा आहे. त्याला खाऊ घालायला त्याने ऑनलाइन परदेशी झुरळं मागवली होती. प्लास्टिकचा डबा, त्यात अंड्यांच्या ट्रेचे पुठ्ठे, गाजराचे तुकडे आणि शेकडो झुरळं. आता लेकीच्या ओट्यावरही एक-दोन फिरू लागली होती. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "त्याचं कर्म त्याच्याजवळ. आपण तक्रार केली तर सोसायटीवाले औषध मारतील, ते पाप आपल्या माथी."

त्यांचं म्हणणं मला चटकन खोडता येईना. जीव सांभाळायची रीत आपल्या घराघरांत आहे. गुडीहत्नूरला मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सासूबाई डाळीतले किडे सुपातून अलगद परसात नेऊन सावलीत ठेवायच्या. धान्याच्या किड्यांसाठी तर गुजरातमधल्या काही पांजरपोळांत वेगळी खोलीच असे, तिला जीवातखाना म्हणत. धान्याचा किडका केरकचरा तिथे आणून टाकायचा, खोली भरली की काही वर्षं बंद ठेवायची. जेम्स फोर्ब्ज नावाचा इंग्रज अठराव्या शतकात हिंदुस्थानात होता. सुरतेच्या प्राण्यांच्या दवाखान्यात उंदीर-ढेकणांसाठीही जागा असल्याचं त्याने 1813 साली छापलेल्या आठवणींत लिहिलंय. पैसे देऊन भिकाऱ्यांना तिथे रात्रभर झोपवत, म्हणजे ढेकणांना रक्त मिळे, असंही तो सांगतो.

वाचताना आधी हसू येतं. पण बहिणींनो, एक गोष्ट बघा. जीवातखाना पांजरपोळात होता, कुणाच्या स्वयंपाकघरात नव्हता. किडे वाढवून विकायला तो बांधलेला नव्हता आणि कुणाला खाऊ घालायला तर नव्हताच. जे जीव आधीच आहेत त्यांना त्यांच्या आयुष्यापुरती जागा द्यायची, इतकाच त्याचा हेतू. वरच्या फ्लॅटमधला डबा म्हणजे जीवातखाना नव्हे.

झुरळाचा स्वतःचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. आपल्या ओट्यामागे दिसतं त्या बारीक, तपकिरी झुरळाला 'जर्मन' म्हणतात. हे नाव लिनियसने 1767 साली दिलं. पण 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी 17 देशांतली 281 झुरळं तपासली, तेव्हा कळलं की त्याचं माहेर जर्मनी नाहीच. सुमारे 2100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या भागात, रानातल्या झुरळापासून ते वेगळं होऊन माणसाच्या घरात शिरलं. सुमारे 1200 वर्षांपूर्वी ते पश्चिमेला अरबांच्या मुलखात गेलं आणि 390 वर्षांपूर्वीपासून युरोपीय कंपन्यांच्या व्यापाराबरोबर पुढे पसरलं. आमचं गाव नागपूर-हैदराबाद हायवेवर. ट्रकमधल्या खोक्यांतून काय काय उतरतं ते आम्ही रोज बघतो, म्हणून मला याचं नवल वाटलं नाही.

त्या मुलाच्या डब्यातली जात वेगळी, तुर्कस्तानी. दुकानदार तिला 'रेड रनर' म्हणतात. अमेरिकेत ती 1978 साली कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी डेपोत पहिल्यांदा सापडली. तिची मादी जास्त अंडी घालते, पिल्लं लवकर मोठी होतात. नैऋत्य अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी तिने आधीच्या काळ्या झुरळाची जागा घेतली. पाळीव सरडे-पालींचं खाद्य म्हणून ती ऑनलाइन विकली जाते, हेही तिच्या पसरण्याचं एक कारण. म्हणून अशी झुरळं दया करून बाहेर सोडणंसुद्धा घातक.

आणि घरात? झुरळाची विष्ठा नि टाकलेली कात वाळून धुळीत मिसळते, तीच श्वासात जाते. 1997 साली अमेरिकेतल्या 8 शहरी भागांतल्या दम्याच्या 476 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झुरळाची ॲलर्जी असलेल्या आणि घरात त्यांचा उपद्रव जास्त असलेल्या मुलांना दवाखान्यात भरती करायची वेळ इतरांपेक्षा तिपटीहून जास्त आली. माझा नातू 2 वर्षांचा आहे. फ्लॅटमध्ये भिंत सामाईक, पाइप सामाईक. एकाच्या डब्यातून सुटलेल्या झुरळांपायी सगळ्या मजल्यांवर औषध मारलं जातं आणि हजारो जीव जातात. मग गप्प राहिल्याने पाप टळलं कुठे?

आपल्या वडीलधाऱ्यांनी याला शब्द दिलाय, जयणा. जीव मारू नका, हे तर आहेच. पण जीवोत्पत्ती होईल असं वागूही नका. रात्री खरकटं नको, ओटा कोरडा, डबे घट्ट, मोरीला जाळी, फटी बुजवलेल्या. सूर्यास्तानंतर चूल बंद ठेवणाऱ्या बायकांना हे नवं नाही.

मी लेकीला म्हटलं, "आधी त्याच्या आईशी बोल, तक्रारअर्ज नंतर." ती वर गेली, नातवाला कडेवर घेऊनच. मासा आता दाणे खातो, डबा विकणाऱ्याकडे परत गेला. तिथून ती झुरळं कुणाच्या तोंडी गेली, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणताना मात्र ती आठवली.