मांडीवरून मागच्या सीटवर

1940 च्या दशकात अमेरिकेत मोटारीसाठी मुलांची खुर्ची मिळे. वाकवलेली धातूची नळी, तिच्यावर कॅनव्हास आणि पुढच्या सीटच्या पाठीवर अडकवायला दोन आकडे. काहींना खेळण्यातलं स्टीअरिंगही असे. पोराला बाहेरचं दिसावं आणि त्याने ड्रायव्हरच्या अंगावर चढू नये, एवढ्यासाठीच तो खटाटोप. गाडी धडकली तर काय, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

ते आलं 1960 च्या दशकात. जेमिनी यानातले अंतराळवीर पाठ टेकून कसे बसतात, ते पाहून स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी मुलांची सीट उलटी फिरवली. तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने जड, मान कच्ची. समोर तोंड असलं की धडकेचा सगळा हिसका मानेवर येतो. उलटं बसवलं की तो पाठभर विभागला जातो.

कायद्याला आणखी वेळ लागला. बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट सँडर्स यांच्या पाठपुराव्यामुळे टेनेसी राज्यात 1 जानेवारी 1978 पासून 4 वर्षांखालच्या मुलांना सुरक्षा-सीट सक्तीची झाली. पण पळवाट ठेवलीच: बाळ मांडीवर असेल तर माफ! सँडर्स तिला मुलं चिरडणारी तरतूद म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. ताशी 50 किलोमीटरच्या धडकेत 10 किलोचं बाळ क्षणभर 300 किलोच्या आसपास ओढ घेऊ शकतं. कुठल्या आईच्या हातांना ते पेलेल? तिने पट्टा लावला नसेल तर तीही मागून बाळावरच आदळते. 1981 मध्ये ती पळवाट बुजवली गेली.

मुलांना पुढच्या सीटवरून खरं उठवलं ते एअरबॅगने. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत, ताशी 300 किलोमीटरच्या घरातल्या वेगाने फुगते. 1990 च्या दशकात अमेरिकेत साध्या धडकांतही तिच्या फटक्याने मुलं दगावली, आणि 12 वर्षांपर्यंतच्या मुलांनी मागेच बसावं, हा सल्ला तिथे रूढ झाला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड आहे. 2021 पासून ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे घाट दाखवायला बाळाला मांडीवर घेऊन आपण नेमके जिथे बसतो, तिथेच. घाट मागच्या खिडकीतूनही दिसतो. पोराला मागे बसवा, आणि पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू नका.