अंतर आकाशातले आणि उंबरठ्यापासूनचे

दोन गावांमधील अंतर भूगोल एका आकड्यात सांगतो. इतिहास मात्र दर पिढीला निराळे उत्तर देतो. हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घराण्यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध तपासताना याचा विशेष प्रत्यय येतो.

शमशाबादच्या विमानतळापासून औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, चिकलठाणा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ४३० कि.मी. आहे. योगायोग असा, की नागपूरही जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. मुंबई मात्र सुमारे ६२० कि.मी. लोहमार्गाला ही सरळ रेषा परवडत नाही. १९०० च्या सुमारास सुरू झालेली मनमाडची मीटरगेज गाडी निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना अशी वळसे घेत गेली आणि औरंगाबाद रुळांवरून सुमारे ५०० कि.मी. झाले. परंतु याच वळशांनी मराठवाड्यातील गावे राजधानीला जोडली. शिक्षण, वकिली व सरकारी नोकरी यांसाठी कितीतरी कुटुंबे याच मार्गाने येथे आली.

१९४५ साली निजामाची रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीत डेक्कन एअरवेज ही कंपनी स्थापन झाली. बेगमपेठ हे तिचे ठाणे. तिची डकोटा विमाने ताशी पावणेतीनशे कि.मी.च्या आसपास उडत. त्या वेगाने मुंबईचे अंतर कापावयास दोन तासांहून अधिक वेळ लागे. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

जेट विमानाचा वेग डकोटाच्या दुपटीहून अधिक. तरीही वेळापत्रकात मुंबईसाठी सुमारे दीड तास धरलेला असतो. कारण हा वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी आपल्या पाळीची वाट पाहणे हे सारे त्यात आले. प्रवाशाचा वेळ तर त्याच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. जामबागेहून बेगमपेठ हाकेच्या अंतरावर म्हणावे असे होते. २३ मार्च २००८ पासून प्रवासी विमाने शमशाबादहून सुटू लागली आणि तेच अंतर वीस कि.मी.हून अधिक झाले. २००९ मध्ये मेहदीपट्टणमपासूनचा ११.६ कि.मी. लांबीचा उड्डाणपूल झाला, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. तरी घर ते विमानतळ, तपासणी आणि प्रतीक्षा यांतच उड्डाणाहून अधिक वेळ जातो.

मात्र सर्वांत मोठे अंतर कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. विमानमार्ग वा लोहमार्ग एका कि.मी.नेही वाढला नाही. पण घर एका राज्यात आणि वडिलोपार्जित शेत दुसऱ्या राज्यात, अशी अनेकांची स्थिती झाली. कचेऱ्या बदलल्या, कागदपत्रांची भाषा बदलली, पुढे सोयरिकीही येथेच जुळू लागल्या.

आज सव्वा तासात चिकलठाण्यास उतरता येते. परंतु उतरल्यावर कोणत्या गावी, कोणाकडे जायचे, हे नव्या पिढीला ठाऊक नसेल, तर त्या वेगाचा उपयोग काय? आपले मूळ गाव, तालुका आणि भाऊबंदांची नावे प्रत्येक घराने आताच लिहून ठेवावीत. तिकीट केव्हाही काढता येईल. ही माहिती सांगणारी माणसे मात्र थोडीच उरली आहेत.