रात्रीचं पाणी, दिवसाची लाईट

महाराष्ट्रातला बागायतदार रब्बीच्या दिवसांत आधी विजेचं वेळापत्रक बघतो, मग पीक. या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे की रात्री, यावर दारं कधी धरायची ते ठरतं. रात्रीची पाळी आली की कानटोपी, बॅटरी आणि फावडं घेऊन माणूस बांधावर जातो. वाफा भरला की पुढचं दार उघडायचं, तेही थंडीत, चिखलात. वर विंचूकाट्याची धास्ती. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचीही.

हे वेळापत्रक शेतकऱ्याच्या सोयीने कधीच ठरलं नव्हतं. कोळशावरचा संच रात्री मागणी उतरली म्हणून बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणं परवडत नाही. शहरं निजली आणि कारखाने मंदावले की उरलेली वीज कुठेतरी जिरवावी लागते आणि त्यासाठी शेतपंप सोयीचा ठरला. त्यात सत्तरच्या दशकापासून पंपांचं बिल मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारण्याची पद्धत रुजली. वीज मोजायचीच नाही म्हटल्यावर तिच्यावर लगाम घालायचा तर तास मोजणं आलं. दिवसा आठ तास, रात्री दहा, असं आलटूनपालटून चालणारं चक्र त्यातूनच पक्कं झालं.

शेतकऱ्याने त्यावर स्वतःचा तोडगा काढला, तो म्हणजे ऑटोस्विच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. पण एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी त्याच क्षणी उठल्या की डीपीवर एकदम भार पडतो आणि तो जळतो. मग नवा येईपर्यंत पीक वाळतं आणि वायरमनच्या नावाने शिव्या चालू होतात. महावितरण वर्षानुवर्षं ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत आलं. मात्र वीज मध्यरात्री देऊन ऑटोस्विच काढायला सांगणं फारसं कुणाला पटलं नाही, आणि पटायचं कारणही नव्हतं.

रात्रीची पाळी टाळायला दिवसा गावात वीज तयार करून गावातच वापरावी, हा विचार सुचायला अवघड नव्हता. अडचण कायद्याची होती. १९४८च्या वीजपुरवठा कायद्याखाली वीज मंडळाच्या संमतीशिवाय नवं केंद्र उभारणं जवळपास अशक्य होतं. २००३च्या विद्युत कायद्याने ही गाठ सोडवली. निर्मितीसाठी परवाना लागेनासा झाला आणि अपारंपरिक विजेला उत्तेजन देण्याची जबाबदारी राज्यांच्या नियामक आयोगांवर आली. पुढे २००५ साली महाराष्ट्राचं वीज मंडळही वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलं गेलं.

त्याच काळातल्या भारनियमनाने नकळत एक मोठं काम करून ठेवलं. गावठाणातल्या घरांना वीज राहावी आणि शेतीची तेवढी तोडता यावी, म्हणून अनेक ठिकाणी दोन्हींच्या ११ केव्हीच्या वाहिन्या, म्हणजे फीडर, वेगळ्या केल्या गेल्या. हेतू शेतीची वीज कापण्याचा होता. पण पंपांचा फीडर स्वतंत्र झाला म्हणूनच पुढे तो सूर्याला जोडता आला.

१४ जून २०१७च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही पहिली प्रायोगिक गावं होती. रचना साधी आहे. उपकेंद्राजवळ काही एकरांवर पॅनेल लावायचे, वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची आणि कृषी फीडर दिवसा चालवायचा. शेतकऱ्याची मोटार तीच, खांब तेच, बदललं ते फक्त घड्याळ. २०१९ साली केंद्राची पीएम-कुसुम योजना आली, तिच्या एका भागात ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटच्या प्रकल्पांना वाट मिळाली.

तरी गाडी रेंगाळत होती. फेब्रुवारी २०२२मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टी कोल्हापुरात महावितरणच्या दारात धरणं धरून बसले ते दिवसा दहा तास विजेसाठीच. पुढच्या वर्षी सरकारने योजनेची दुसरी आवृत्ती काढली. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, त्यात दरसाल तीन टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाख. २०२४च्या निविदांत दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास आले. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी पहिल्या पाच प्रकल्पांचं उद्घाटन केलं. त्यांची क्षमता मिळून १९ मेगावॉट. त्यांत वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प होता.

जमिनीचा प्रश्न मात्र कागदावर दिसतो तितका सरळ नाही. सरकारी पड जमीन म्हणून नकाशात दिसणारा तुकडा पुष्कळदा गायरान असतो. मराठवाड्यात भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबं अशी गायरानं पिढ्यान् पिढ्या कसत आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग निकालानंतर १२ जुलै २०११ रोजी राज्याने गायरानाच्या वाटपावर कडक निर्बंध घातले, ते सार्वजनिक जमीन वाचवण्यासाठी. कसणाऱ्याच्या नावावर सातबारा होऊ शकत नाही आणि त्याच जमिनीवर पॅनेल बसू शकतात, हे त्या कुटुंबांना कुणी कसं समजावून सांगायचं?

मालकीचाही मुद्दा उरतोच. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी संस्था काढली. पाणी उपसून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. त्यामुळे मोटार बंद ठेवण्यातही त्यांचा फायदा होता आणि भूजलाचाही. महाराष्ट्रात प्रकल्प आकाराने लहान असले, तरी निविदा जिल्ह्यांचे मोठाले गट करून निघाल्या आणि बरीचशी कामं बड्या कंपन्यांकडे गेली. इथला शेतकरी भाडं घेणारा किंवा वीज वापरणारा राहिला, विकणारा झाला नाही. सहकारी साखर कारखाने उभारलेल्या राज्यात हे जरा नवलच. त्यातच एप्रिल २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे, तेव्हा मोटार बंद करायला ढुंडीसारखं कारण इथे उरलेलं नाही.