दाहशामक औषधे, गिधाडे आणि कायद्यातील ‘प्राणी’

पनवेल तालुक्यातील उलवे आज सिडकोच्या नगररचनेचा एक भाग म्हणून ओळखले जाते. १९७० साली सिडको स्थापन होण्यापूर्वी हा खाडीकाठ भातशेतीचा व मिठागरांचा होता. शेतीबरोबर गुरे आली आणि गुरांबरोबर मृत गुरांच्या विल्हेवाटीचा प्रश्न. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम जातिव्यवस्थेने महार समाजावर लादले होते. कातडे काढल्यावर उरलेला देह गिधाडे संपवीत. मृत जनावराचे मांस खाणे सोडून द्यावे, असे आवाहन डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाड येथे केले, ते याच कुलाबा जिल्ह्यात. १९८१ पासून हा जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो. या व्यवस्थेतील गिधाड हा घटक मात्र पुढे एका औषधामुळे नाहीसा होऊ लागला.

गुरांच्या दाहावरील आधुनिक उपचारांचा आरंभ कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गापासून झाला. कॉर्टिसोनविषयक संशोधनाबद्दल केंडल, राइखस्टाइन व हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि लवकरच ही औषधे पशुवैद्यकातही आली. त्यांनी सूज झपाट्याने ओसरते. परंतु रोगप्रतिकारशक्ती मंदावते व गाभण गाईचा गर्भपात होण्याचा संभव असतो. म्हणून स्टेरॉइडेतर दाहशामके सोयीची वाटली. त्यांपैकी डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध १९९०च्या दशकात भारतातील गुरांच्या उपचारांत रूढ झाले.

गाईला ते मानवले; तिचे शव खाणाऱ्या गिधाडाला मानवले नाही. पाकिस्तानात झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात व यूरिक आम्ल अंतर्गत अवयवांवर साचते. शंभरांत एकाहूनही कमी शवांत हे औषध असले तरी ऱ्हासाला तेवढे पुरे, असे गणितानेही आढळले. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली.

येथे कायद्याच्या भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. १९४०च्या औषधविषयक अधिनियमात १९८२ साली घातलेले कलम २६-अ माणसांना अथवा प्राण्यांना धोका पोचविणाऱ्या औषधावर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र शासनास देते. पशुवैद्याच्या दृष्टीने ‘प्राणी’ म्हणजे उपचार घेणारे जनावर. डायक्लोफिनॅकच्या बाबतीत मात्र रुग्ण सुरक्षित होता. धोका होता तो ज्याला कोणी औषध दिलेच नव्हते अशा पक्ष्याला. २००६ साली शासनाने या औषधाचे पशूंसाठीचे उत्पादन थांबविण्याचे आदेश दिले व २००८ साली त्यावर याच कलमान्वये बंदी आली. तेव्हा ‘प्राणी’ या शब्दाची व्याप्ती रुग्णाच्या पलीकडे गेली, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

तथापि एका औषधापुरता लावलेला हा अर्थ पुढच्या औषधास आपोआप लागू झाला नाही. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळत, म्हणून २०१५ साली कुपीची मर्यादा ३ मिलिलिटर ठरविण्यात आली. गिधाडांना निर्धोक असे मेलॉक्सिकॅम २००६ पासून ज्ञात असतानाही किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले. प्रत्येक वेळी औषध आधी गोठ्यात पोचले आणि त्याची परीक्षा मृत गिधाडावर झाली.

उलव्याच्या सीमेवरील नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. विमानांना पक्ष्यांपासून असलेला धोका ध्यानी घेता तेथे गुरांची शवे उघड्यावर टाकण्याची जुनी रीत परत येणे शक्य नाही. परंतु त्याच रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेस, म्हसळा व श्रीवर्धन तालुक्यांत, गिधाडांची वस्ती टिकून आहे. तेथील गोठ्यांत कोणते दाहशामक वापरले जाते, यावर तिचे भवितव्य अवलंबून राहील. नव्या औषधास परवाना देण्यापूर्वीच गिधाडांवरील परिणाम तपासला जाईल, तेव्हाच २००८ साली ‘प्राणी’ या शब्दाला लाभलेला अर्थ कायद्यात खऱ्या अर्थाने स्थिरावला असे मानता येईल.